अक्षरांची सावड

गेल्या महिन्यात इंदापूर तालुक्यातील एका गावी बैठक झाली. विषय जुनाच. कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना पाळीचे पाणी पोचत नाही. निवेदन तयार झाले आणि सह्यांचा कागद फिरू लागला. पन्नाशीतल्या एका मावशींपुढे कागद आला, तेव्हा आमच्याच कार्यकर्त्याने काही न विचारता शाईचे पॅड पुढे केले. मावशींनी अंगठा टेकवला, पदराला पुसला आणि कागद शेजारणीकडे दिला.

बैठक संपल्यावर कळले की, १७ मार्च २०२४ रोजी गावच्या शाळेत बसून मावशींनी साक्षरतेची परीक्षा दिली होती. उत्तीर्णही झाल्या होत्या. प्रमाणपत्र घरी ट्रंकेत आहे. ‘‘मग सही का केली नाही?’’ असे विचारले तर म्हणाल्या, ‘‘परीक्षा झाल्यापासनं कुणी लिव्हायला सांगितलंच न्हाई. आता हात थरथरतो. तुमच्या माणसानं पॅड पुढं केलं, म्हटलं बरं झालं, चारचौघांत लाज वाचली.’’

ते पॅड तलाठ्याने पुढे केले नव्हते, बँकेच्या साहेबानेही नाही. ते आम्ही पुढे केले होते. शेतकऱ्याला माणूस म्हणून उभे करायला निघालेल्या चळवळीने! म्हणून यावेळचे संपादकीय भावावर नाही, पाण्यावर नाही. ते या पॅडावर आहे.

सरकार काय करते ते आधी पाहू. केंद्राचा ‘नवभारत साक्षरता कार्यक्रम’ २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आखलेला आहे. ‘उल्लास’ या नावाने तो ओळखला जातो. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना वाचन, लेखन आणि आकडेमोड शिकवायची. शिकवणारे स्वयंसेवक, त्यांना मानधन नाही. शेवटी दीडशे गुणांची परीक्षा: वाचनाला ५०, लेखनाला ५०, संख्याज्ञानाला ५०. महाराष्ट्रात २०२३ साली निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला होता. अशैक्षणिक कामांच्या ओझ्याखाली दबलेल्या शिक्षकांची ती तक्रार खोटी नव्हती. तरीही २०२४ च्या मार्चमध्ये राज्यभर परीक्षा झाली, आज्या नातवंडांचे बोट धरून शाळेत आल्या, वर्तमानपत्रांत फोटो आले. हे चांगलेच झाले. कोणी नावे ठेवावीत असे त्यात काही नाही.

पण कृषी महाविद्यालयात एक गोष्ट सुरुवातीलाच शिकवतात. उगवण मोजली म्हणजे उत्पादन मोजले असे होत नाही. बियाणे चांगले होते, ओल होती, उगवण ९० टक्के झाली, म्हणून कोणी खळ्याची तयारी करीत नाही. पुढे पाणी, खुरपणी, राखण आहे. साक्षरतेच्या कामात मात्र दरवेळी उगवण मोजून खळ्याची पूजा होते.

हा अनुभव आजचा नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचे आणि सगळे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा. गावाची इभ्रत पणाला लागली, म्हणून गाव कामाला लागले. पुढच्या तीन-चार वर्षांत मोहीम राज्यभर गेली. तिचे यश खरे होते, कारण ते गावाचे होते. पण गौरव समारंभाचा मांडव उतरला आणि पाठपुरावा सुटला. वाचायला काही नाही, लिहायचे निमित्त नाही. शिकलेली अक्षरे अनेकांच्या हातून निसटली. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. फेब्रुवारी १९९० मध्ये केरळातील एर्नाकुलम हा देशातला पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा जाहीर झाला आणि आपल्याकडेही साक्षरतेच्या दिंड्या निघाल्या. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कार्यकर्त्यांनी शाळकरी वयात त्या फेऱ्यांत घोषणा दिल्या असतील. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साक्षर पुरुष ८८ टक्के आणि साक्षर स्त्रिया ७६ टक्के निघाल्या. उरलेल्यांत मोठा वाटा आपल्याच घरांतल्या बायांचा आहे.

अडते कुठे, हे आम्हाला दोन वर्गांनी शिकवले.

पहिला वर्ग आम्हीच काढला होता, बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात. पाट्या आणल्या, फळा आणला, बारावी झालेली हुशार मुलगी शिकवायला मिळाली. पहिल्या रात्री बावीस बाया आल्या. तिसऱ्या आठवड्यात पाच उरल्या. आम्ही आधी मुलीला दोष दिला, मग बायांना. ‘‘यांनाच शिकायचं नाही,’’ असे एका कार्यकर्त्याने आमच्यासमोर म्हटले आणि आम्ही गप्प बसलो. नंतर घरोघर गेलो तेव्हा उलगडा झाला. वर्गाची वेळ आम्ही आमच्या सोयीने रात्री आठची ठेवली होती. ती भाकरी थापायची वेळ. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. ज्वारीची काढणी तोंडावर आली होती. एका घरी नवरा विचारी, ‘‘आता कलेक्टर होणार का?’’ एका घरी सासूला वाटे, सून वर्गाच्या नावाखाली काम चुकवते. एकीच्या पाटीवर तिच्याच मुलाने हसून रेघ मारली होती. त्या बायांची बुद्धी कमी पडली नव्हती, जिद्दही नाही. त्यांच्यामागे कोणी उभे नव्हते.

दुसरा वर्ग इंदापूर तालुक्यातला. तो आमचा नव्हताच. तो बचत गटातल्या बायांनी काढला. गटाची वही एकीचा मुलगा लिहीत असे. हप्त्यांच्या नोंदीत घोळ झाला, भांडण झाले आणि भांडणातून ठरले की, वही आपली आपण लिहायची. वेळ त्यांनी ठरवली. सकाळची खुरपणीची पाळी संपल्यावर, दुपारी अडीच ते चार. जिची शेळी सुटेल तिची शेळी दुसरीने राखायची. तान्ह्या पोरांना एका आजीने सांभाळायचे. आठवी-नववीतल्या मुलींनी संध्याकाळी आपापल्या आईची पाटी तपासायची. लागणीच्या आणि काढणीच्या दिवसांत वर्ग बंद, पण बंद कधी आणि सुरू कधी हे आधीच ठरलेले.

यापुढचे ऐका, कारण खरे काम तिथे झाले. किराणा दुकानदाराने कबूल केले की, वर्गातल्या बाईची उधारी तिने स्वतः वहीत मांडायची, त्याने फक्त तपासायची. विकास सोसायटीच्या सचिवाने कबूल केले की, पॅड आपणहून पुढे करायचे नाही. बाई नाव लिहीपर्यंत थांबायचे, मागे रांग असली तरी. भजनी मंडळाने हरिपाठाच्या मोठ्या अक्षरांच्या पोथ्या दिल्या. हरिपाठ बायांना तोंडपाठ होताच. ओळ तोंडात आधीच होती, बोट फक्त अक्षरावर ठेवायचे होते. ‘‘म्हंजे इतकी वर्सं मी हेच म्हणत व्हते व्हय!’’ असे एक आजी म्हणाल्या. हा वर्ग दोन वर्षे चालला. गटाची वही आजही बायाच लिहितात. अक्षर वाकडे आहे, हिशोब सरळ आहे.

दोन्ही वर्गांतली पुस्तके सारखीच होती. पहिल्या गावाने वर्गाकडे पाहिले. दुसऱ्या गावाने वर्गाला खांदा दिला. फरक एवढाच.

आपल्या शेतीत याला जुना शब्द आहे: सावड. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल, दोघांची मिळून जोडी होते आणि दोघांची राने नांगरून निघतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. त्यात उपकार नाही, देणगी नाही, मिंधेपण नाही. प्रौढ माणसाच्या शिकण्याला अशीच सावड लागते. कारण त्याचे शिकणे लहान मुलासारखे नसते. मुलाला सगळे घर शाळेत ढकलते. मोठ्या माणसाला सगळे घर मागे ओढते. मुलाची चूक झाली तर कौतुक होते. मोठ्याची चूक झाली तर हसे होते. चाळीस वर्षे संसार ओढलेल्या बाईला ‘अ’ काढताना वाटणारी लाज सरकारी पुस्तिकेने जात नाही. ती शेजारणीने, जावेने, नवऱ्याने आणि लेकीने घालवावी लागते.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या, अंगावर गुलाबी लुगडे, पाठीला दप्तर. त्या गुलाबी लुगड्याचे कोणाला हसू येईल. पण सगळ्या गावादेखत, सगळ्याजणींनी एकच लुगडे नेसून शाळेला निघायचे, यात लाजेला जागाच उरली नाही. जी गोष्ट चोरून करावी लागत होती, ती मिरवायची गोष्ट झाली.

गावाचा आधार म्हणजे काही मोठा निधी नव्हे. तुकोबांची पालखी दरवर्षी आपल्या दोन्ही तालुक्यांतून जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम पडतात, बेलवाडीला रिंगण होते. त्या दिवसांत गावोगाव वारकऱ्यांसाठी चुली पेटतात. कोणता शासन निर्णय निघतो? कोण मानधन मागतो? ज्या गावाला हजारो पाहुण्यांची भाकरी जमते, त्या गावाला आपल्याच वीस बायांसाठी दीड तास, एक खोली आणि एक दिवा जमत नाही, हे आम्ही मानायला तयार नाही.

गावाने आधार दिला की शिकलेली माणसे तो गावाला परत करतात, याचीही उदाहरणे आहेत. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या साक्षरता चळवळीने बायांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली. हजारो बाया, त्यात खाणीत दगड फोडणाऱ्याही, सायकलवर बसल्या. टवाळी झाली, पण त्या झुंडीने निघाल्या आणि टवाळी करणारे थकले. आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावी साक्षरता वर्गात दारूच्या धड्यावर चर्चा झाली. बायांनी पाठ्यपुस्तक मिटले आणि गावातले दारूचे दुकान बंद केले. १९९२ मध्ये ते लोण जिल्हाभर पसरले आणि १९९३ मध्ये राज्य सरकारला अरकबंदी करावी लागली. वर्गात एकत्र बसलेली माणसे फक्त वाचायला शिकत नाहीत. ती एकत्र बसायला शिकतात. संघटना याहून वेगळी काय असते?

आता आपल्याच मंडळींचे आक्षेप. ते बाहेरच्यांपेक्षा कडवे असतात.

पहिला आक्षेप: ‘‘शेतमालाला भाव मिळाला की शिक्षण आपोआप येईल. चळवळीने फाटे फोडू नयेत.’’ भावाचा प्रश्न पहिला आहे, यात आम्हालाही शंका नाही. पण मिळालेला भाव वाचणार कोण? २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरली. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये जादा. उतारा ११.२५ असेल तर टनाला ३,८९६ रुपये होतात, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, नाहीतर १५ टक्के व्याज. हे सगळे आपण भाषणात सांगतो, टाळ्या मिळतात. घरी गेल्यावर काट्याच्या पावतीवरची तारीख आणि वजन ज्याला वाचता येत नाही, त्याचे चौदा दिवस कोण मोजणार? २०१६ साली राज्यात फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले. आपल्या पट्टीत आडत कापली आहे की नाही, हे पाहायला पट्टी वाचता यावी लागते. १९९० च्या आसपास शेतकरी चळवळीने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि अनेक गावांत शेतकऱ्यांनी घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन केली. सात-बाऱ्यावर नाव चढले. ते नाव तिला वाचता आले नाही, तर निम्मी मुक्ती तलाठ्याच्या दप्तरातच राहिली.

दुसरा आक्षेप तरुणांचा: ‘‘आता मोबाइल बोलतो, वाचायची गरज काय?’’ मोबाइल बोलतो हे खरे. पण खात्यातले पैसे काढणारा ओटीपी आला की मावशी फोन दुसऱ्याच्या हातात देतात. पूर्वी अंगठा दुसऱ्याच्या हाती होता, आता सगळे खातेच दुसऱ्याच्या हाती गेले. औषधाच्या बाटलीवरचा त्रिकोण लाल असेल तर सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. रंग ओळखता येतो. पण किती पाण्यात किती औषध आणि विषबाधा झाली तर काय करायचे, हे शब्दांतच लिहिलेले असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. तरी लेबल वाचता येणे ही फवारणाऱ्याची ढाल आहे, आणि ती आपण त्याच्या हातात दिलेली नाही.

तिसरा आक्षेप पुरुषांचा, आणि तो कोणी बोलून दाखवीत नाही: ‘‘मला येत नाही, हे गावाला कळेल.’’ यावर आम्हाला सापडलेला उपाय साधा आहे. ‘साक्षरता वर्ग’ म्हटले की पुरुष फिरकत नाहीत. ‘खताचा हिशोब’ म्हटले की येतात. १०:२६:२६ च्या ५० किलोच्या गोणीत नत्र ५ किलो, स्फुरद १३ आणि पालाश १३. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी नत्र २०.७ किलो. गोणीवरचे हे आकडे वाचता वाचता माणूस गोणीवरची अक्षरेही वाचू लागतो.

आमची चूक आम्ही कबूल केली आहे. आम्ही पदवी घेतलेली माणसे. पत्रके छापली, ती कोणाला वाचता येतात हे पाहिले नाही. हा अंकसुद्धा बैठकीत एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. ऐकणारा माणूस नेत्याला बरा वाटतो, कारण तो मान डोलावतो. वाचणारा माणूस उलट प्रश्न विचारतो. चळवळीला खरी गरज त्याचीच आहे.

म्हणून बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील प्रत्येक शाखेने पुढच्या जिल्हा बैठकीपूर्वी एवढे करावे, असा आमचा प्रस्ताव आहे.

एक. आपल्या बैठकीतून शाईचे पॅड हद्दपार करा. ज्याला लिहिता येत नाही त्याला पहिले अक्षर लिहू द्या, उरलेले शेजाऱ्याने हात धरून लिहवून घ्यावे. बैठक अर्धा तास लांबली तरी चालेल.

दोन. २०२४ पासून गावात जे जे साक्षरतेची परीक्षा उत्तीर्ण झाले, त्यांच्या घरी जा. त्यांना सत्कार नको, काम द्या. बैठकीची हजेरी त्यांनी लिहावी, फळ्यावर बाजारभाव त्यांनी मांडावा.

तीन. वर्गाची वेळ शिकणाऱ्यांनी ठरवावी. शाखेने फक्त विचारावे की, शेळी कोण राखेल, पोर कोण सांभाळेल, भाकरी कोण थापेल. शेवटच्या प्रश्नाला हात वर करणारा पुरुष हाच खरा कार्यकर्ता समजावा.

चार. दुकानदार, सोसायटीचे सचिव, दूध संकलन केंद्र आणि गिरणीवाला यांच्याकडे जाऊन एकच मागणी करा: पाच मिनिटे थांबा. नाव लिहू द्या, आकडा वाचू द्या.

पाच. गळीत हंगामात आपल्या शिवारात ऊसतोडीचे अड्डे पडतात. मराठवाड्यातून आलेल्या कोयत्याची उचल किती, फिटली किती, हे मुकादमाच्या वहीत असते आणि मजुराच्या डोक्यात. तो आपला ऊस तोडतो. त्याला आपली बेरीज-वजाबाकी शिकवणे हीही सावडच आहे.

कोणी म्हणेल, ही कामे फार लहान आहेत. आहेतच. २०२७ साली सरकारी कार्यक्रमाची मुदत संपेल, अहवाल निघेल, आकडे जाहीर होतील. त्यानंतर गावात काय उरते, ते या लहान कामांवर ठरेल.

त्या मावशींकडे आम्ही पुन्हा गेलो. वही नेली होती, ती ठेवून घेतली. सून म्हणाली, ‘‘रोज एक ओळ मी लिहून घेईन.’’ पाण्याचे निवेदन अजून कार्यालयात पडून आहे, त्यामुळे दुसरे निवेदन द्यावेच लागणार. त्या कागदावर मावशींचे नाव त्यांच्या हाताने लिहिलेले असावे. तोवर थांबायची आमची तयारी आहे. तुमच्या गावात असे कोण आहे, ते आज बैठकीतून घरी जाताना आठवून पाहा. आणि हा अंक घरी नेऊन कोणाला तरी वाचून दाखवू नका. त्याच्या हातात द्या, आणि शेजारी बसा.